कारकुनाचे घर, मास्तराची खुर्ची: औंध संस्थान आणि व्यंकटेश माडगूळकर

व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१) यांचे कथा-कादंबरीलेखन 'ग्रामीण साहित्य' या सदरात घालण्याची रूढी मराठी समीक्षेत चांगलीच मुरली आहे, आणि ती अगदी चुकीची नसली तरी तिच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. माडगूळकरांचे गाव हे महाराष्ट्रातले कुठलेही एक गाव नाही. ते औंध संस्थानाच्या आटपाडी महालातले, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे काही वर्षांतले गाव आहे, आणि त्याच्याकडे पाहणारी नजर शेतकऱ्याची किंवा शेतमजुराची नसून संस्थानाच्या चाकरीत असलेल्या एका गरीब कारकुनाच्या मुलाची आहे. बालपणीचा मुलूख लेखकाला विषय पुरवतो हे खरेच, पण माडगूळकरांच्या बाबतीत त्या मुलखात त्यांच्या घराची जी जागा होती तिने त्यांच्या लेखनाला विषयाहून अधिक काही दिले, आणि ते काय हे समजून घ्यायचे तर प्रथम माणदेश आणि औंध या दोहोंकडे वळावे लागते.

शिखर शिंगणापूरच्या परिसरातील डोंगरांत उगम पावून दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला या टापूतून वाहत जाऊन भीमेला मिळणाऱ्या माण नदीचे, म्हणजेच लोकांच्या तोंडच्या माणगंगेचे, खोरे तो माणदेश. सह्याद्रीने पश्चिमेकडचे पावसाळी ढग अडवल्यावर त्याच्या पूर्वेला जो कोरडा पट्टा उरतो त्याला भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, आणि माणदेश या पट्ट्याच्या ऐन मध्यावर असल्याने तेथे वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो. बाजरी-जोंधळ्याची बेभरवशाची शेती, खिल्लार जातीचे बैल आणि मेंढरे यांवर हा मुलूख जगत आला. पाऊस हुलकावणी देऊन गेला की धनगरांनी मेंढरे घेऊन चाऱ्यापाण्याच्या शोधात देशोधडीला लागायचे आणि बाकीच्यांनी मिळेल तेथे मजुरी धरायची, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिला. माळ उघडा, झाडे विरळ, म्हणून माडगूळकरांची वाक्येही उघडी आणि विरळ, असे स्पष्टीकरण अधूनमधून दिले जाते. ते ऐकायला बरे वाटले तरी फार सोपे आहे, कारण त्याच माळावर जन्मलेल्या आणि अघळपघळ बोलणाऱ्या माणसांची वाण त्या मुलखाला कधीच नव्हती.

हा मुलूख ज्या संस्थानात मोडत होता त्याची घडण मात्र खरोखरच निराळी होती. छत्रपती राजाराम जिंजीस असताना, राजाच्या नावाने कारभार पाहणारा अधिकारी म्हणून 'प्रतिनिधी' हे पद निर्माण झाले, आणि पुढे ते किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात स्थिरावून या घराण्याला पंतप्रतिनिधी हे नाव पडले. त्यांच्या जहागिरीतून इंग्रजी अमलात औंध संस्थान आकाराला आले. अवघ्या ७२ गावांचे आणि सुमारे ५०० चौरस मैलांचे हे संस्थान सलगही नव्हते. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी तिसरीकडे आणि मध्ये मैलोगणती ब्रिटिश मुलूख, अशी त्याची विखुरलेली स्थिती होती. अशा प्रत्येक विभागाला महाल म्हणत, आणि महालाच्या कचेरीतले कारकून वेळोवेळी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बदलले जात. माडगूळकरांच्या घराची फरफट समजण्यासाठी हा कागदोपत्री तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते, सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते, आणि गुणी माणसे जवळ करण्याचा त्यांना नाद होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला तेव्हा १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर त्यांना जागा मिळाली आणि किर्लोस्करवाडी वसली ती याच संस्थानात. वेदाभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधास येऊन राहिले तेही याच राजाच्या आश्रयाने. राजाने औंधात वस्तुसंग्रहालय उभे केले, रामायणावर चित्रमालिका काढली, आणि खेडोपाडी शाळा व तालमी निघाव्यात म्हणून ध्यास घेतला. संस्थानिक म्हटले की शिकार, मोटारी आणि विलायतेच्या वाऱ्या हे चित्र डोळ्यांपुढे येते, त्यात हा राजा बसत नाही. तरीही राजा तो राजाच, त्याच्यापुढे वाकायचे आणि त्याच्या शब्दावर बदली व्हायची, हेही तेथल्या नोकरवर्गाला पक्के ठाऊक होते.

दिगंबर बळवंत माडगूळकर हे अशा संस्थानातले साधे कारकून. पगार तुटपुंजा, खाणारी तोंडे पुष्कळ, आणि दर बदलीला नवे गाव, नवे भाड्याचे घर व नव्याने करावी लागणारी उधारी, असे त्या घराचे रूप होते. जातीने ब्राह्मण असल्याने गाव मान देई, पण घरात त्या मानाला शोभेल असे काही नसे. ज्याच्या हाती गावाची दप्तरे आहेत त्याच्याच चुलीला सरपण नाही, हा विरोध लहान मुलाच्या फार लवकर ध्यानात येतो. या घराचा आणि विशेषतः आईचा भोगवटा माडगूळकरांनी पुढे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी 'करुणाष्टक' (१९८२) या कादंबरीत मांडला. त्याआधी तीस-पस्तीस वर्षे ते इतरांविषयी लिहीत होते आणि स्वतःच्या घराला क्वचितच मध्यभागी आणत होते, ही गोष्ट त्यांच्या स्वभावाविषयी बरेच सांगून जाते.

गावगाड्यात या घराची जागा कोठे होती हा येथे कळीचा प्रश्न आहे. गावगाडा म्हणजे शेतकरी आणि त्यांची कामे करून सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घेणारे सुतार, लोहार, चांभार, न्हावी, महार इत्यादी बलुतेदार यांची परंपरेने बांधलेली व्यवस्था. रामोशी हे गावाची राखण करणारे आणि त्याच वेळी चोरीचा पहिला संशय ज्यांच्यावर यायचा असे. धनगर हे मेंढरांमागे फिरणारे. पगारी कारकून यांपैकी कशातच बसत नाही. तो बलुते घेत नाही, त्याला शेतातले फारसे कळत नाही, पण त्याच्या ओसरीवर सगळे येतात: कोणाला अर्ज लिहून हवा असतो, कोणाला तगाईची, म्हणजे सरकारी शेतीकर्जाची, चौकशी करायची असते, कोणी जुने कापड मागायला आलेला असतो. अशा घरातला मुलगा गावाच्या अगदी जवळ असतो, पोरांबरोबर ओढ्यात डुंबतो, रामोशाच्या मागे रानात जातो, आणि तरीही पुरता गावचा होत नाही. माडगूळकरांच्या कथांतला 'मी' हा बहुधा हाच मुलगा असतो. तो ऐकतो, पाहतो, थोडेफार देऊ शकतो, पण त्याच्या देण्याने कोणाचे काही फिटत नाही.

१९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'माणदेशी माणसे' या व्यक्तिचित्रसंग्रहातील 'धर्मा रामोशी' हे चित्र या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. म्हातारा धर्मा घरी येऊन जुनेर मागतो, त्याला एक जुने धोतर मिळते, आणि पुढे ते धोतर त्याच्या अंगावर न दिसता त्याच्या वयात आलेल्या लेकीने लुगड्यासारखे नेसलेले निवेदकाला दिसते. सांगण्यासारखे एवढेच घडते. दुसऱ्या एखाद्या लेखकाने येथे दारिद्र्यावर एक परिच्छेद लिहिला असता, तर माडगूळकर धोतर कोणाच्या अंगावर आहे एवढे दाखवून थांबतात. या थांबण्यामागे नुसते कलेचे भान नाही, त्यात संकोचही आहे. धोतर देणारे घर स्वतः जुनेरावर दिवस काढणारे आहे, त्यामुळे दात्याच्या जागेवरून दया दाखवण्याची सोयच निवेदकाला उरलेली नाही, आणि धर्माच्या जागेवरून संताप व्यक्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही हेही तो जाणून आहे. माडगूळकरांच्या प्रसिद्ध संयमाचा उगम या कोंडीत शोधावा लागतो.

त्याच संग्रहातील 'रामा मैलकुली' या शीर्षकातला मैलकुली म्हणजे रस्त्याच्या ठरावीक मैलभर तुकड्याची डागडुजी करणारा मजूर, आणि 'रघू कारकून', 'नामा मास्तर' ही इतर नावे पाहिली तरी ध्यानात येते की, या संग्रहातली बरीच माणसे सरकारदरबारच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभी आहेत. शेतकरी त्यांत आहेत, पण संग्रह शेतकऱ्यांचा नाही. ही निवड कारकुनाच्या ओसरीवरून झालेली आहे.

माडगूळकरांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही. त्या काळी मराठी सातवी इयत्तेअखेर 'व्हर्नाक्युलर फायनल' नावाची सार्वजनिक परीक्षा होत असे, आणि ती उतरलेल्या मुलाला प्राथमिक शाळेवर मास्तराची जागा मिळू शके. इंग्रजी शिक्षणाचा खर्च न झेपणाऱ्या घरांना ही मोठी वाट होती. माडगूळकरांनीही मिसरूड फुटण्याच्या वयात काही काळ खेड्यात मास्तरकी केली. शिक्षणावर भर देणाऱ्या औंधसारख्या संस्थानात ही नोकरी नुसती मुले शिकवण्याची नव्हती. एकशिक्षकी शाळेत सारे वर्ग एकाच खोलीत आणि मास्तर एकटा, शिवाय गावातली पत्रे वाचणे, अर्ज लिहिणे, सरकारी हुकूम समजावून सांगणे आणि प्रसंगी भांडणे मिटवणे हेही त्याच्याकडेच. ज्या गावात दुसरे कोणी लिहिते-वाचते नाही तेथे मास्तर हेच सरकारचे तोंड असते, मग त्याचे वय सतरा का असेना.

'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी या खुर्चीवरून लिहिलेली आहे. राजाराम सौंदणीकर हा कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, पोरे मेंढरांमागे गेल्याने रिकामी पडलेली शाळा हळूहळू भरवतो, गावाच्या श्रमाने तालीम उभी करतो, तिच्या उद्‌घाटनाला खुद्द राजा येतो, आणि अखेर दुष्काळ पडून वाडीच ओस पडते. तालमीचे वेड असलेला, खेड्यात येऊन बसणारा हा राजा कल्पनेतून आलेला नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधींना ओळखणाऱ्या वाचकाला तो तत्काळ ओळखू येतो. सुधारणेची हौस असलेले संस्थान आणि पावसावर जगणारी वाडी यांच्या मध्ये मास्तर उभा आहे, आणि कादंबरीचा सगळा ताण या मधल्या जागेतून येतो. दुसरा बैल नसल्यामुळे शेकूची बायको उरलेल्या बैलाच्या जोडीला स्वतः जुंपून घेते, तो प्रसंग मराठी वाचकांच्या पिढ्यांनी लक्षात ठेवला आहे. तेथेही मास्तर पाहतो, गलबलतो, आणि औत काही त्याला ओढता येत नाही. राजाराम म्हणजे माडगूळकर असे समीकरण मांडण्याचे कारण नाही, कारण कादंबरीतल्या घटनांची जुळणी लेखकाने केलेली आहे. राजारामाची नजर मात्र त्यांची स्वतःची आहे.

याच काळात औंध संस्थान एका विलक्षण प्रयोगातून जात होते. १९३९ मध्ये राजाने गांधीजींच्या सल्ल्याने आणि युवराज अप्पासाहेब पंत व पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या खटपटीने प्रजेला राज्यघटना देऊन कारभार ग्रामपंचायतींच्या हाती सोपवण्याचा मार्ग स्वीकारला. त्याच सुमारास आटपाडीजवळ कैद्यांची 'स्वतंत्रपूर' ही वसाहत उभी राहिली, जेथे गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना भिंतींवाचून ठेवून शेती करू दिली जाई. तिच्यावर आधारलेला व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा चित्रपट लिहिला तो व्यंकटेशांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांनी. गांधींच्या विचाराने चाललेला राजा, पंचायती, मोकळे कैदी, हे सर्व ज्या मुलखात मुलांच्या डोळ्यांदेखत घडत होते, त्या मुलखातल्या लेखकाने चोराला चोर म्हणून न रंगवता 'बनगरवाडी'तल्या आनंदा रामोशासारखा माणूस म्हणून रंगवावे यात नवल नाही. मात्र या प्रयोगाचा गौरव व्यंकटेशांनी कोठे केला नाही. राज्यघटना आली तरी पाऊस आला नाही तर वाडी उठतेच, ही बाजू त्यांच्या डोळ्यांना आधी दिसली.

थोरल्या भावाचा उल्लेख येथे अटळ आहे, कारण बालपणाने लेखक घडतो या विधानाला तो एकटाच पुरेसा शह देतो. ग. दि. माडगूळकर (जन्म १९१९) त्याच घरात, त्याच ओढगस्तीत आणि त्याच औंधच्या छायेत वाढले. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून त्यांचे 'गीतरामायण' सुरू झाले, आणि धाकट्या भावाची 'बनगरवाडी' पुस्तकरूपाने आली तीही १९५५ मध्येच. एकाने आईच्या ओव्या, राजाची कीर्तने आणि देवळातली भजने कानांनी उचलली. दुसऱ्याने माणसे डोळ्यांनी उचलली. एकाच घरातून दोन्ही निघाले तेव्हा घराने सामग्री दिली आणि इंद्रियाची निवड ज्याची त्याने केली, असेच म्हणावे लागते.

व्यंकटेशांचे इंद्रिय डोळा हे होते याला त्यांच्या चित्रकलेच्या ओढीचा पुरावा आहे. चित्रकार होण्याची इच्छा पुरी झाली नाही, तरी रेखाटनाची सवय आयुष्यभर सुटली नाही, आणि त्यांच्या गद्यात माणूस प्रथम दिसतो तो बाह्यरेषेने: चालण्याची ढब, पटका, हातातली काठी, मग बोलणे. तरुणपणीच्या शिकारीच्या नादाने या पाहण्याला धीर दिला. सावज येईपर्यंत हालचाल न करता बसण्याची सवय पुढे 'नागझिरा'सारख्या वनलेखनात आणि वानरांच्या टोळ्यांवरील 'सत्तांतर' (१९८२) या कादंबरीत कामी आली; १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो या 'सत्तांतर'ला.

१९४२ च्या चळवळीत माडगूळकर ओढले गेले ते शाळकरी वयात, आणि भूमिगतांबरोबरचे ते दिवस त्यांनी 'कोवळे दिवस' (१९७९) मध्ये उतरवले. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे, म्हणजे सातारा जिल्ह्यात इंग्रजांना न जुमानता न्यायनिवाडे करणाऱ्या समांतर सत्तेचे, एक मोठे ठाणे औंध संस्थानातल्या कुंडलला होते, कारण संस्थानी हद्दीत इंग्रजी पोलिसांना हात आखडता घ्यावा लागे. या चळवळीने माडगूळकरांना वीरकथा मात्र दिली नाही. त्यांच्या आठवणीत राहिले ते घर सुटलेल्या पोराचे भटकणे आणि ओळखीच्या-अनोळखी माणसांनी पुढे केलेली भाकरी.

त्यांची पहिली कथा 'काळ्या तोंडाची' १९४६ मध्ये बडोद्याहून निघणाऱ्या 'अभिरुची' मासिकात छापली गेली, आणि पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे यांच्या जोडीने त्यांचे नाव नवकथेच्या, म्हणजे घटनेच्या चमत्कृतीपेक्षा माणसाच्या अनुभवाला महत्त्व देणाऱ्या कथाप्रवाहाच्या, प्रवर्तकांत घेतले जाऊ लागले. त्या चौघांत शाळा-कॉलेजची सर्वांत कमी पुंजी माडगूळकरांकडे होती.

यानंतर १९४८ साल येते, आणि त्यांच्या लेखनाचा काळाशी असलेला संबंध त्याशिवाय उलगडत नाही. ३० जानेवारीला गांधीहत्या झाल्यानंतर महाराष्ट्राच्या या भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली, त्यांत माडगूळ या त्यांच्या गावातले घरही गेले. ८ मार्चला औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. सहा आठवड्यांच्या आत लेखकाचे घर आणि ज्याच्या आधाराने ते घर उभे होते ते राज्य, दोन्ही नाहीशी झाली. 'माणदेशी माणसे' पुस्तकरूपाने आले ते याच्या पुढच्याच वर्षी. ज्या गावाने घर जळताना पाहिले त्याच परिसरातील माणसांविषयी त्या संग्रहात कडवटपणाचा शब्द नाही, आणि जाळपोळीवरील 'वावटळ' ही कादंबरी १९६४ पर्यंत थांबली. 'बनगरवाडी'तला राजा मोटारीतून उतरतो तेव्हा प्रत्यक्षात राज्य जाऊन सात वर्षे आणि बाळासाहेब निवर्तून चार वर्षे झाली होती. ही कादंबरी समकालीन खेड्याचे चित्र म्हणून वाचली गेली, पण लिहिली गेली ती एका संपलेल्या व्यवस्थेची नोंद म्हणून. औंधच्या सुधारणांचे अहवाल पुष्कळ निघाले, परंतु त्या सुधारणा एका वाडीच्या पातळीवर कशा पोहोचल्या आणि कोठे अडल्या हे सांगणारा तिच्याइतका विश्वसनीय दस्तऐवज दुसरा नाही.

१९५५ पासून पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात नोकरी करून माडगूळकरांनी उरलेले आयुष्य पुण्यात काढले, तरी शहराने त्यांच्या लेखनात फारशी जागा मिळवली नाही. त्यांच्या लेखनाचा मागोवा घेऊ इच्छिणाऱ्या वाचकाने 'माणदेशी माणसे' आणि 'करुणाष्टक' ही दोन पुस्तके लागोपाठ वाचावीत: पहिल्यात ओसरीवर येणारी माणसे आहेत, दुसऱ्यात ओसरीमागचे घर आहे, आणि बाविसाव्या वर्षी जे लिहिणे त्यांना जमले नाही किंवा लिहावेसे वाटले नाही ते पहिल्या पुस्तकाच्या प्रत्येक पानामागे होते, हे दुसरे वाचल्यावर कळते.